माळव्याचा माल आणि मुंबईची लाकडी गोदी

आमच्या उज्जैन नगरीस समुद्र नाही. क्षिप्रेच्या पात्रात होडीहून मोठे वाहन कोणी पाहिलेले नाही. धान्याची आढत करण्यात ज्यांचे आयुष्य गेले, त्या आमच्यासारख्यांनी जहाजबांधणीवर लेखणी उचलावी, याचे काही वाचकांस नवल वाटेल. परंतु व्यापार हा रस्त्यासारखा असतो. त्याचे एक टोक आपल्या दुकानाच्या उंबरठ्याशी असले, तरी दुसरे टोक कोठे जाऊन मिळते हे पाहिल्यावाचून त्याची दिशा कळत नाही. मुंबईतील एका संग्रहालयात तेथील जुन्या लाकडी गोदीच्या इतिहासावर झालेले व्याख्यान ऐकण्याचा योग आम्हांस आला. त्यानंतर या विषयावर जे वाचन आमच्या अल्पमतीप्रमाणे घडले, त्याचे सार व्यापारी बंधूंपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे. इतिहासाचे पंडित म्हणून आम्ही हे लिहीत नसून, माल, पत आणि हिशेब या तीन गोष्टी जन्मभर हाताळणाऱ्या माणसाच्या दृष्टीने लिहीत आहोत.

१. समुद्रावाचून समुद्रव्यापार

इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक खलाशाने अथवा व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानापर्यंतच्या बंदरांचे वर्णन लिहून ठेवले. ‘पेरिप्लस’ या नावाने ते प्रसिद्ध आहे. त्यात ‘ओझेने’ म्हणजे आमचे उज्जैन याचा उल्लेख येतो. अकीक, मलमल, साधे कापड व सुगंधी वनस्पती हा माल उज्जैनहून भडोच बंदरी उतरत असे, आणि भडोचच्या आसपासच्या प्रदेशास लागणाऱ्या वस्तूही येथूनच जात, असे त्यात म्हटले आहे. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी भडोचला जे जहाज भरले जाई, त्याच्या पोटातील मालाची गाठ उज्जैनच्या बाजारात बांधलेली असे.

खंबायतच्या आखाताचे तोंड धोक्याचे असल्यामुळे राजाचे नावाडी मोठ्या होड्या घेऊन परदेशी जहाजांना वाट दाखविण्यास पुढे जात, हेही त्याच ग्रंथात आहे. त्या होड्यांची नावे ग्रीक लेखकाने ‘त्रप्पग’ व ‘कोतुंब’ अशी दिली आहेत. विशेष हे की, ‘अंगविज्जा’ या प्राचीन प्राकृत जैन ग्रंथात नौकांची जी नावे येतात, त्यांत ‘तप्पक’ आणि ‘कोट्टिंब’ ही दोन्ही सापडतात. मुनिश्री पुण्यविजयजी यांनी संपादिलेला हा ग्रंथ १९५७ साली छापून प्रसिद्ध झाला. परदेशी खलाशाची वही आणि आपल्या मुनींची पोथी एकमेकींस साक्ष देतात, ही गोष्ट कोणाही हिशेबनिसास आनंद देणारी आहे. कारण दोन निरनिराळ्या वह्यांत एकच रक्कम सापडली म्हणजे खाते बरोबर जुळले असे आपण मानतो.

जहाज कसे बांधावे याविषयीचा एक जुना संस्कृत ग्रंथही आमच्या माळव्याशी जोडलेला आहे. ‘युक्तिकल्पतरु’ हा ग्रंथ धारच्या राजा भोजाच्या नावावर आहे. त्यात नौकांचे ‘सामान्य’ व ‘विशेष’ असे दोन वर्ग केले असून, ‘क्षुद्रा’ या लहान नौकेपासून ‘मंथरा’ या विशाल नौकेपर्यंत लांबी-रुंदीची मापे हातांत दिली आहेत. लाकडाच्याही जाती सांगितल्या आहेत. हलके पण कठीण लाकूड नौकेस उत्तम, आणि दोन जातींचे लाकूड एकत्र वापरल्यास नौका टिकत नाही, ती कुजते व फुटते, असा त्याचा अभिप्राय आहे. समुद्रापासून इतक्या दूर असलेल्या धारा नगरीच्या राजाच्या नावाशी नौकाशास्त्र जोडले जावे, यावरूनच माळव्याचे लक्ष समुद्राकडे होते हे उघड होते.

२. गोदीचा पाया

आता पश्चिम किनाऱ्याकडे वळू. छत्रपती शिवाजी महाराजांनी १६५७ साली कल्याण-भिवंडी घेतल्यानंतर तेथे नौका बांधण्यास आरंभ केला. गुराब, गलबत, तारू, पाल, मचवा, शिबाड अशी निरनिराळ्या कामाची वाहने मराठ्यांच्या आरमारात होती. विजयदुर्गाजवळ वाघोटणच्या खाडीत गिर्ये गावापाशी मराठ्यांच्या गोदीचे अवशेष आजही दिसतात. खडक कोरून व दगड रचून केलेली ही गोदी सुमारे १०९ मीटर लांब व सरासरी ७० मीटर रुंद आहे. भरतीबरोबर नौका आत घ्यावी, ओहोटीस पाणी उतरले म्हणजे तिच्या बुडाची डागडुजी करावी, अशी तिची योजना. १७५६ साली विजयदुर्ग आंग्र्यांच्या हातून गेला. पुढे पेशव्यांच्या आरमाराचे ठाणे तेथे राहिले व आनंदराव धुळपांनी ते सांभाळले.

मुंबईच्या गोदीची कथा १७३६ पासून सुरू होते. सुरतेच्या एका जहाज-कारखान्यातील लवजी नसरवानजी नावाच्या पारशी सुताराची कुशलता इंग्रज कंपनीच्या अधिकाऱ्यांच्या नजरेत भरली, आणि काही सुतार बरोबर देऊन त्यांस मुंबईस आणण्यात आले. गुजरातीत जहाज बांधणाऱ्यास ‘वाडिया’ म्हणतात. धंद्यावरून हेच त्या घराण्याचे नाव झाले. १७५० साली मुंबईत पहिली कोरडी गोदी तयार झाली. १७६२ व १७६५ साली तिला आणखी दोन जोडण्यात आल्या. गव्हर्नर जोनाथन डंकन यांच्या नावाची मोठी गोदी १८०७ ते १८१० या काळात पुरी झाली. मुंबईच्या समुद्रात भरती-ओहोटीतील फरक मोठा असल्यामुळे पाणी आत घेणे व बाहेर सोडणे हे काम निसर्गच पुष्कळसे करून देई. लवजी १७७४ साली वारले. परंतु मुख्य मिस्त्रीचे पद त्यांच्या घराण्यात सुमारे दीडशे वर्षे राहिले, आणि तेवढ्या काळात तीनशेहून अधिक लहानमोठी जहाजे त्यांच्या हातून पाण्यात उतरली.

३. लाकडाची पारख

आपण पोत्यात परखी घालून मूठभर दाणे काढतो, दाताखाली धरून ओल पाहतो, आणि मग भाव बोलतो. गोदीतील मिस्त्रीची विद्या याच जातीची होती. त्याचा दाणा म्हणजे सागाचे लाकूड. मलबारच्या जंगलांतून व उत्तर कोकणातून हे लाकूड मुंबईस येई. ओला साग पाण्यात तरंगत नाही. म्हणून उभ्या झाडाच्या बुंध्याभोवती साल व बाहेरचे लाकूड गोल कापून ते उभ्यानेच वाळू देत, व मग तोडून नदीने खाली आणीत. वाळण्यास दिलेला वेळ हा वाया गेलेला वेळ नव्हे, हे ओला गहू कोठारात भरून पस्तावलेल्या कोणत्याही व्यापाऱ्यास सांगावे लागणार नाही.

इंग्लंडात जहाजे ओक नावाच्या झाडाच्या लाकडाची होत असत. ओकच्या अंगी एक आम्ल असते, ते लोखंडी खिळ्यास खाते. खिळा गंजला की भोवतालचे लाकूडही सैल होते. सागाच्या अंगी तेल असते. त्यामुळे खिळा सुरक्षित राहतो, लाकूड आकसत वा फुगत नाही आणि किडीसही सहजासहजी वाव मिळत नाही. फळ्या नुसत्या एकीला एक भिडविण्याऐवजी, एकीच्या कडेस खाच व दुसरीच्या कडेस त्या खाचेत बसेल असा काठ करून जोडण्याची रीत आपल्या किनाऱ्यावर फार जुनी आहे. सांध्यांत कापूस व राळ-तेल ठासून भरीत. पुढे बुडास तांब्याचा पत्रा मारण्याची चाल पडली. कारण समुद्रात एक प्रकारचा किडा असतो, तो लाकडास आतून पोखरतो आणि बाहेरून काहीच दिसू देत नाही. आपल्या कोठारातील सोंड्या किड्याचीच ही समुद्रातील बिरादरी म्हणावयाची.

जहाजाचा कणा बसविताना चांदीचा खिळा ठोकण्याचा समारंभ मुंबईत होत असे. कामाच्या आरंभी मांगल्य पाहण्याची आपल्या देशाची वृत्ती त्यातून दिसते. दिवाळीस नव्या वहीवर आपण कुंकवाचे स्वस्तिक काढतो, त्याहून त्याचा अर्थ वेगळा नाही.

४. नावाची पत

फ्रान्सच्या नेपोलियनशी चाललेल्या युद्धात इंग्लंडास जहाजे पुष्कळ हवी होती आणि ओकचे लाकूड मात्र कमी पडू लागले होते. त्या वेळी मुंबईची कीर्ती कामी आली. लवजींचे नातू जमशेटजी बमनजी हे तेव्हा मुख्य मिस्त्री होते. त्यांनी बांधलेले ‘मिंडेन’ हे ७४ तोफांचे जहाज १८१० साली पाण्यात उतरले. इंग्लंडच्या आरमाराने आपले मोठ्या वर्गाचे युद्धजहाज ब्रिटिश बेटांबाहेर बांधून घेतल्याचे हे पहिलेच उदाहरण. त्यानंतर १८१३ साली ‘कॉर्नवॉलिस’, १८१५ साली ‘वेलस्ली’, १८१७ साली ‘त्रिंकोमाली’ आणि १८२१ साली ‘गँजेस’ अशी जहाजे निघाली. जमशेटजी १८२१ साली वारले, व त्यांचे पुत्र नवरोजी यांनी काम पुढे चालविले. १८२४ साली उतरलेले ‘एशिया’ हे जहाज १८२७ च्या नवारिनोच्या लढाईत सेनापतीचे जहाज होते.

‘त्रिंकोमाली’ची एक हकीकत व्यापाऱ्यांनी ऐकण्यासारखी आहे. तिचे नकाशे ज्या ‘जावा’ नामक इंग्रज जहाजातून मुंबईकडे निघाले होते, ते जहाज १८१२ च्या डिसेंबरात अमेरिकनांच्या हाती सापडून नष्ट झाले. नकाशे पुन्हा पाठवावे लागले व कामास विलंब झाला. मालाची पावती वाटेत हरवली म्हणजे धंद्याचा कसा खोळंबा होतो, हे आपण जाणतोच.

जमशेटजींविषयी एक आख्यायिका सांगतात. आपल्या हातच्या एका जहाजाच्या आतील लाकडावर, सहज कोणाच्या नजरेस पडणार नाही अशा ठिकाणी, त्यांनी असे कोरून ठेवले की हे जहाज एका तुच्छ लेखल्या जाणाऱ्या काळ्या माणसाने बांधले आहे. अनेक वर्षे जहाज चालल्यावर त्यांनीच ती अक्षरे दाखविली म्हणतात. कथा अक्षरशः खरी असो वा नसो, तिच्यातील व्यथा खरी आहे. ज्यांच्या कामावर लक्षावधी रुपये आणि शेकडो माणसांचे प्राण विश्वासाने सोपविले जात, त्यांस बरोबरीचा मान मात्र मिळत नसे. अशा स्थितीत त्या मिस्त्रीने भांडण न करता जहाजच असे बांधले की ते बोलेल. पत म्हणजे यापरती काय असते?

५. हुकूम कोणाचा?

तथापि पत असली म्हणजे सर्व काही असते असे नाही. वाफेचे युग आले. १८२९ साली मुंबईच्याच गोदीत ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट बांधली गेली व १८३० साली ती सुवेझला गेली. लाकूड येथले, मिस्त्री येथले. यंत्रे मात्र इंग्लंडहून आलेली. वाडिया घराण्यातील तरुणांनी काळ ओळखला नाही असेही नव्हे. जहांगीर नवरोजी व हिरजीभाई मेरवानजी हे दोघे १८३८ साली विलायतेस जाऊन तेथील गोदीत नवी विद्या शिकले. अर्देशीर कर्सेटजी यांनी १८३४ साली मुंबईतील आपल्या घरी गॅसचे दिवे लावून दाखविले, व १८४१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीचे ते पहिले हिंदी सभासद झाले. बुद्धी होती, उद्योग होता, शिकण्याची तयारी होती.

उणीव होती ती निर्णयाची. कोणते जहाज बांधावयाचे, किती बांधावयाची, लोखंडाचे कारखाने कोठे काढावयाचे, हे ठरविणारे सात समुद्रांपलीकडे बसलेले होते. लोखंडी पत्रा व यंत्र जेथे तयार होई तेथेच जहाज बांधणे स्वस्त पडू लागले, आणि तो कारखाना मुंबईत काढणे हे मालकांच्या हिताचे नव्हते. १८४८ साली ‘मियानी’ हे शेवटचे मोठे लाकडी युद्धजहाज मुंबईत उतरले. पुढे गोदीत मुख्यतः दुरुस्तीचे काम उरले. हस्तकौशल्य कितीही थोर असले तरी भांडवल, कच्चा माल व मागणी यांपैकी एकही आपल्या हाती नसेल, तर धंदा दुसऱ्याच्या मर्जीवर चालतो, हा यातील धडा आहे.

६. मालाचा हिशेब

येथवर अभिमानाची बाजू झाली. आता जी गोष्ट सांगावयाची, ती सांगताना आम्हांस संकोच होतो. परंतु जमेबरोबर नावेची बाजू न लिहिणे हे वहीशी बेइमानी करणे होय.

जहाजे मुंबईची, पण त्या काळी मुंबईहून चीनला जाणाऱ्या व्यापारी जहाजांत भरले काय जात होते? कापूस जात होता, आणि अफू जात होती. ती अफू आमच्या माळव्याची. उज्जैन, इंदूर, रतलाम, मंदसोर या भागांतील शेतांत पिकलेली, आमच्याच पेढ्यांनी शेतकऱ्यास आगाऊ रक्कम देऊन उचललेली. त्या पेढ्यांत सर्व जातीधर्मांच्या होत्या आणि जैनांच्याही होत्या. शिंदे-होळकरांच्या मुलखात कंपनीचा मक्ता चालत नसे. म्हणून प्रथम कंपनीने हा माल स्वतः खरीदण्याचा प्रयत्न केला, आणि तो साधेना तेव्हा १८३० च्या सुमारास प्रत्येक पेटीवर परवान्याची रक्कम घेऊन तो मुंबईमार्गे जाऊ देण्यास आरंभ केला. आरंभी पेटीमागे १७५ रुपये असलेली ही रक्कम १८४७ पर्यंत ४०० रुपयांवर गेली. कारण १८४३ साली सिंध इंग्रजांच्या हाती आल्यावर मालास दुसरी मोठी वाट उरली नव्हती.

चीन देशात या मालाने घरेच्या घरे उद्ध्वस्त होऊ लागली. १८३९ साली चिनी बादशहाचा अधिकारी लिन याने वीस हजारांहून अधिक पेट्या जप्त करून नष्ट केल्या. त्यावरून युद्ध जुंपले. त्या युद्धात मुंबईचे ‘वेलस्ली’ होते, मुंबईचे ‘कॉर्नवॉलिस’ होते. २९ ऑगस्ट १८४२ रोजी नानकिंग शहरासमोर ‘कॉर्नवॉलिस’च्याच डेकवर चीनने तहावर सही केली, हाँगकाँग बेट गमावले व दोन कोटी दहा लक्ष चांदीचे डॉलर देण्याचे मान्य केले. मलबारचा साग, मुंबईच्या मिस्त्रीचा हात आणि माळव्याची अफू या तीन गोष्टींची अशी ती एका ठिकाणी गाठ पडली. चीनशी हा व्यापार १९१३ पर्यंत चालू राहिला.

आपल्या श्रावकाचारात पंधरा कर्मादाने सांगितली आहेत. गृहस्थाने ज्या धंद्यांपासून दूर राहावे, त्यांची ती यादी. तीत वनकर्म आहे, विषवाणिज्यही आहे. ज्या दुकानांत ही यादी पाठ होती, त्यांच्याच काही वह्यांत अफूच्या पेट्या जमा होत होत्या, हे मान्य केले पाहिजे. त्या पूर्वजांस आज न्यायासनापुढे उभे करावे असा आमचा हेतू नाही. त्यांनी धर्मशाळा बांधल्या, दुष्काळात अन्न वाटले, हेही तितकेच खरे आहे. त्यांना चीनमधील ते घर दिसत नव्हते. पेटी मुंबईस पोहोचली की खाते बंद होत असे. परंतु आज आपल्याला ते दिसते. आपण विकलेला माल पुढे कोणाच्या ताटात वा कोणाच्या हातात जातो, हे पाहण्याची जबाबदारी दुकानाच्या उंबरठ्यावर संपत नाही, हा या सर्व इतिहासाचा सर्वांत कठीण पाठ आहे. तो धान्याच्या व्यापाऱ्यासही लागू आहे. भेसळीचा एक दाणाही कोणाच्या तरी घरी शिजतोच.

७. जपणूक

त्या जहाजांचे पुढे काय झाले? ‘गँजेस’ १९३० साली मोडण्यात आले. ‘वेलस्ली’ हे थेम्स नदीत खलाशी मुलांच्या शाळेसाठी वापरले जात असता १९४० साली जर्मन विमानांच्या बाँबने बुडाले. उतरल्याला तेव्हा सव्वाशे वर्षे झाली होती. ‘कॉर्नवॉलिस’चा उपयोग धक्क्यासारखा करण्यात आला व १९५७ साली त्याचे लाकूड मोडले. मात्र ‘त्रिंकोमाली’ आजही पाण्यावर आहे. इंग्लंडातील हार्टलपूल गावी ती आणून १९९० ते २००१ या काळात तिची डागडुजी केली गेली, आणि आता ती संग्रहालय म्हणून लोकांस दाखविली जाते. युरोपात तरंगत असलेल्या युद्धनौकांत ती सर्वांत जुनी मानली जाते. दोनशे वर्षांनंतर मुंबईच्या मिस्त्रीचा सांधा पाहावयाचा, तर माणसाने हार्टलपूलला जावे, अशी ही स्थिती आहे.

जहाज जपणे आपल्या आवाक्यातील काम नाही. पण वही जपणे आहे. माळव्यातील अनेक जुन्या घरांच्या माळ्यांवर लाल कापडात बांधलेल्या वह्या पडून आहेत. त्यांत मुंबईच्या हुंड्या आहेत, गाडीभाडे आहे, विम्याच्या रकमा आहेत, अफूचे भाव आहेत, दुष्काळातील धान्याचे भाव आहेत. घर पाडले जाते, वाटणी होते, आणि या वह्या रद्दीच्या तराजूत जातात. किलोला काही रुपये मिळतात आणि शंभर वर्षांची साक्ष नाहीशी होते. त्यांतील मोडी व महाजनी अक्षर वाचणारी माणसेही थोडीच उरली आहेत.

म्हणून आमच्या सभासद बंधूंस नम्र विनंती आहे. दिवाळीपूर्वी घर साफ करताना जुनी वही हाती आली, तर ती रद्दीत देण्यापूर्वी एकदा उघडावी. तिच्यावरील संवत् वाचावा. पाने सुटली असतील तर दोऱ्याने बांधावीत, कापूर वा कडुनिंबाची पाने ठेवून कोरड्या जागी ठेवावी, आणि आपल्याकडे जागा नसेल तर विद्यापीठास किंवा संग्रहालयास रीतसर पावती घेऊन द्यावी. तीत अभिमानाची नोंद निघाली तर मुलांस दाखवावी. लाजेची निघाली तर तीही दाखवावी. फाडलेले पान हिशेब पुरा करीत नाही.

सागाचे लाकूड टिकले ते त्याच्या अंगच्या तेलाने. व्यापाऱ्याची पिढी टिकते ती तिच्या वहीच्या खरेपणाने, असे आम्हांस वाटते. सुज्ञ वाचकांनी यातील ग्राह्य ते घ्यावे, एवढे सांगून हा लेख पुरा करतो.